मासे संपवणारा वर्ग: व्यवस्था बदलायला शिकवतात, म्हणजे काय शिकवतात?

नमस्कार. शाश्वततेसाठी, म्हणजे निसर्गाचा साठा पुढेही टिकावा म्हणून, व्यवस्था बदलायला शिकवणारे अभ्यासक्रम असतात. तिथला एक तास बघू, खेळाचा. समजा, तुमची मासेमारीची कंपनी आहे. समोर आणखी पाच-सहा कंपन्या, समुद्र मात्र एकच. दरवर्षी ठरवायचं, नवी बोट घ्यायची का? बोटी खोल समुद्रात धाडायच्या, किनाऱ्याजवळ, की बंदरातच बांधून ठेवायच्या? शेवटी ज्याची मालमत्ता जास्त, तो जिंकला.

सुरुवातीला जाळी भरून येतात, म्हणून सगळेच बोटी वाढवतात. मग एका वर्षी मासळी कमी लागते. वाटतं, यंदाचं सालच वाईट. तूट भरून काढायला आणखी एक बोट घेतली जाते. बघता बघता समुद्र रिकामा! वर्गातल्या एकालाही मासे संपवायचे नव्हते, तरी बहुतेक वेळा ते संपतातच.

या खेळाचं नाव फिशबँक्स. डेनिस मेडोज या अमेरिकी अभ्यासकाने तो तयार केला आणि अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या विद्यापीठांत तो खेळवला जातो. पण खरा तास खेळानंतरचा. 'तुझ्यामुळे झालं' हे बोलून झालं की मग प्रश्न येतो: खेळाडू बदलले तरी निकाल तोच का? कारण खोट मांडणीत आहे. नफा ज्याचा त्याचा, साठा सगळ्यांचा, आणि साठा किती उरलाय ते कळतं फार उशिरा.

आपल्या गावांत हाच खेळ बोअरवेलचा चालतो. शेजाऱ्याने दोनशे फूट मारली की आपण चारशे.

शाश्वततेसाठी व्यवस्था बदलायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांचा गाभा मला तरी हाच वाटतो: दोषी शोधण्याआधी मांडणी बघायची. मग पुढचा प्रश्न, हात घालायचा कुठे? इथे व्यवस्थांच्या अभ्यासक डोनेला मेडोज यांचं नाव घ्यावंच लागतं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात त्या शिकवत. 2001 मध्ये त्यांचं निधन झालं. व्यवस्थेत हात घालण्याच्या बारा जागा त्यांनी परिणामाच्या क्रमाने मांडल्या, जास्त परिणामाची सर्वांत वर. आपण ज्यावर सर्वांत जास्त भांडतो ते कर, अनुदानं, आकडे त्यांनी तळाला ठेवले. त्याच्या बऱ्याच वर माहिती कुणाला मिळते ते, त्याहून वर नियम कोण ठरवतं ते.

त्या नेदरलँड्सचं एक उदाहरण देत. एका वसाहतीतली घरं सारखीच, पण काहींचा विजेचा मीटर तळघरात, काहींचा दारातल्या पॅसेजमध्ये. येता-जाता मीटर दिसणाऱ्या घरांत वीज सुमारे 30 टक्के कमी जळत होती. दर तेच, माणसं तशीच. फक्त मीटर डोळ्यांसमोर होता.

आता अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार आठवा. पोपटराव पवारांच्या या गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला, उरलेल्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरवेलला बंदी, आणि ती गावानेच घातलेली. म्हणजे मीटर पॅसेजमध्ये आणला आणि नियमही घरच्यांनीच केले. मला हे उदाहरण जगातल्या कुठल्याही वर्गात शिकवण्याच्या तोडीचं वाटतं.

हे शिकायचं कुठे? स्वीडनमध्ये कार्ल्सक्रोनाला पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा राहिला. तिथे आधी हवं ते भविष्य ठरवून तिथून आजकडे उलटं यायचं शिकवतात. पण त्यासाठी परदेशीच जायला हवं असं नाही. आयआयटी मुंबईत 1985 पासून ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, सितारा. तिथल्या एमटेकच्या मुलांना काही आठवडे गावात जाऊन राहावं लागतं. टँकर कधी येतो, हंडे कोण उचलतं, नळयोजना का बंद पडली, हे तिथेच कळतं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी फीबरोबर दोन गोष्टी नक्की विचारा. वर्गाबाहेर किती आठवडे राहायचं? आणि तिथून परतल्यावर जो अहवाल लिहायचा, तो कुणाला वाचून दाखवायचा, फक्त प्राध्यापकांना की त्या गावालाही?