बंद डब्यात पाणी आलं कुठून?

नमस्कार श्रोतेहो. घराबाहेर लावलेले एलईडी दिवे सहसा टिकतात. आधी जातो तो त्यांचा कंट्रोलर, म्हणजे दिव्यांचे रंग आणि लुकलुकणं सांभाळणारी डबी. दिव्यांच्या पट्टीवर आयपी ६५ लिहिलेलं असतं, आणि सोबतच्या कंट्रोलरवर बारीक अक्षरात आयपी २०. आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे त्याची खूण: पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाच म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. शून्य म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. (हे बारीक अक्षर भिंगाशिवाय वाचता येतं, असं कोणाला वाटतं कोण जाणे!)

आता माझ्या एका मित्राचा किस्सा ऐका. गृहस्थ भारी कसोशीचे. कंट्रोलर जाड प्लॅस्टिकच्या डब्यात घातला, झाकणाला रबरी पट्टी, वरून चहूबाजूंनी सिलिकॉनचं लिंपण. शिवाय डबा छपराखाली, पावसाचा थेंब पोचणार नाही अशा जागी. आणि ऐन पावसात दिवे मनाला येईल तसे लुकलुकायला लागले. मग नुसता हिरवा रंग उरला. ब्लेडने सिलिकॉन खरवडून डबा उघडला, तर आत बोटभर पाणी!

"छप्पर गळतंय," म्हणाले. चढून पाहिलं, छप्पर ठणठणीत. मग सिलिकॉनचा आणखी जाड थर. पुन्हा पाणी. तेव्हा मला बोलावणं आलं.

मी आधी मेन स्विच बंद करायला लावला. मग डबा सोडून वायर धरली आणि तिच्या मागे मागे वर पाहत गेलो. वायर भिंतीवरून सरळ खाली येऊन डब्यात वरून शिरत होती. वरच्या जोडाला नुसती टेप गुंडाळलेली. कंट्रोलरचा स्क्रू सैल करून वायर ओढली, तर तांब्याच्या टोकाला थेंब लोंबत होता. पुसला. थोड्या वेळाने दुसरा आला! पाणी वायरच्या बाहेरून नव्हे, आतून, तांब्याच्या बारीक तारांमधून उतरत होतं.

डबा दिवसा तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री गार झाला की तोच डबा श्वास आत ओढतो. मित्राने सगळ्या फटी बुजवल्या होत्या, मग ओढायला वाट उरली ती एकच, वायरची. टेपच्या जोडात शिरलेलं पाणी त्याच वाटेने आत ओढलं जात होतं. लिंपण जितकं पक्कं, तितकं पाणी आत यायला मदत. हे त्यांना पटायला दोन कप चहा लागला.

तेव्हा वायर डब्यात खालून घ्या. पुन्हा सांगतो, खालून. शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे बाहेरून ओघळणारं पाणी झोळावरूनच टपकेल. शिरते तिथे ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट आवळणारं बूच, बसवा. वरच्या जोडाला आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आक्रसून घट्ट बसणारी. आणि डबा छपराखाली असेल तर तळाशी एक बारीक भोक. हो, भोक! साचलेलं पाणी निघून जातं, श्वासही तिथूनच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याजवळ नको, ते तांबं गंजवतं. न्यूट्रल मागा.

जाता जाता, हे दिवे रात्रभर लावून कोणाला दाखवायचे असतात? किडे तेवढे जमतात. टाइमर लावा.

अ‍ॅडॅप्टर मात्र घरातच ठेवा, बाहेर फक्त बारा किंवा चोवीस व्होल्ट जाऊ द्या. अंतर लांब असेल तर वायर जाड घ्या, नाहीतर टोकाचे दिवे मंद पडतील. नमस्कार.