तळमजला विकायचा नाही

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. विषय दिलाय रीडेव्हलपमेंट, आणि मला माहितीये निम्मे लोक एकच आकडा ऐकायला आलेत, की जुन्या घराच्या बदल्यात किती टक्के जास्त कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, मिळणार. तो मी सांगणार नाही, प्लॉट आणि रस्त्याची रुंदी बघितल्याशिवाय जो हा आकडा सांगतो त्याचा चहासुद्धा घेऊ नका. मी आज तळमजल्यावर बोलणार आहे, कारण म्हातारी माणसं, दिव्यांग पोरं आणि कमी पगारात परवडणारं घर, ह्या तिन्ही गोष्टी शेवटी तिथेच येऊन अडतात.

आपलं नाशिकचं सिडकोच घ्या ना. सिडको ह्या सरकारी महामंडळाने अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी सहा योजनांमध्ये छोटी छोटी घरं बांधली, खानदेशातून, मराठवाड्यातून माणसं आली, पोरं मोठी झाली, लग्नं झाली, मग वर स्लॅब पडला, बाहेरून लोखंडी जिना लागला, काही ठिकाणी तर तो जिना इतका चिंचोळा की कपाट वर न्यायचं तर दोरखंडाने खिडकीतून ओढावं लागतं. त्यातलं बरंच बांधकाम कागदावर अनधिकृत आहे, मी त्याची वकिली करत नाहीये. पण पवननगर-उत्तमनगरच्या कुठल्याही गल्लीत जाऊन बघा, खाली आईवडील, वर मुलगा-सून, मागच्या गल्लीत मुलगी दिलेली. आईला रात्री दम लागला तर माणूस चपला न घालता खाली येतो. हीच सोय मोठ्या शहरात बिल्डर ब्रोशर छापून विकतात, महिन्याला भरपूर पैसे घेऊन.

आता अशी चार-पाच घरं एकत्र करून टॉवर उभा करायचा म्हटलं की ड्रॉइंग कसं येतं? तळाला पार्किंग, रस्त्याच्या बाजूला गाळे, कारण गाळ्याला रेट सगळ्यात जास्त, आणि जुने मेंबर वर. आजी पाचव्या मजल्यावर, मुलाचा फ्लॅट दुसऱ्या विंगमध्ये कारण तो "सेपरेट युनिट", आणि ओट्यावर बसून भाजी निवडता निवडता जी गल्लीवर नजर असायची ती संपली. कार्पेट वाढलं, मान्य. पण आजी दिवसभर टीव्हीसमोर. म्हणून मी म्हणतो, तळमजला सगळाच विकू देऊ नका.

रॅम्पची गोष्ट सांगतो, कारण तिथे सगळ्यात जास्त फसवाफसवी होते. नियम सोपा आहे, १ फूट चढायला १२ फूट लांबी. म्हणजे जोतं दीड फुटाचं असेल तर रॅम्प १८ फूट पाहिजे. प्रत्यक्षात काय देतात, पाच-सहा फुटांचा उतार, वर चेकर्ड टाइल, बाजूला स्टीलची नळी. अहो तो स्कूटर चढवायचा उतार आहे. व्हीलचेअर त्यावर ढकलायला दोन माणसं लागतात आणि उतरताना मागे उभं राहून धरून ठेवायला तिसरा. बाथरूमचं दार अडीच फुटी, चौकट वजा केली की चाकं तिथेच अडकतात. बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी ९०० मिलिमीटर दाराचा नियम केला, पण तो ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना, तुमच्या सोसायटीला तो कोणी आपणहून लावणार नाही. मग ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या ना, तुम्हाला कोणी अडवलंय? विटांचं काम सुरू व्हायच्या आधी दार सहा इंच वाढवायला खर्च जवळपास नसतोच, नंतर भिंत फोडावी लागते. लिफ्टचंही तसंच, सहा माणसांची लिफ्ट म्हणतात आणि स्ट्रेचर आत जात नाही, मग पेशंटला खुर्चीत बसवून, मान धरून खाली आणायचं.

परवडणाऱ्या घरांचं बोलूया. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा प्लॉट असेल तर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायची, हा नियम आपल्याकडे लागू आहे, २०११ च्या जनगणनेतच आपण जवळपास पंधरा लाख होतो. प्लॉटचे तुकडे पाडून त्या मर्यादेखाली राहायचं, ही तक्रारही नाशिकला नवीन नाही. पण सिडकोतले आणि गावठाणातले प्लॉट तसेही छोटेच, ते ह्या नियमात येतच नाहीत. आणि घर स्वस्त मिळालं तरी लिफ्ट, पंप, वॉचमन धरून जो मेंटेनन्स येतो तो पेन्शनीतून झेपत नाही, मग दोन वर्षांत माणूस फ्लॅट भाड्याने देऊन पाथर्डी फाट्याच्या पुढे राहायला जातो. ह्याला मी परवडणारं घर म्हणत नाही.

माझं म्हणणं असं, एक गाळा आणि त्याच्यामागची एक मोठी खोली सोसायटीच्या नावावर ठेवा. गाळ्याचं भाडं येईल त्यातून खोलीत दिवसभर एक प्रशिक्षित मावशी ठेवा, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट बोलवा, बीपी बघायचं मशीन, धरायला बार असलेलं एक टॉयलेट, बस. फार मोठं काही नाही. आणि ती खोली फक्त म्हाताऱ्यांची नको. ज्यांच्या घरी मतिमंद किंवा ऑटिझम असलेलं पोर आहे ते आईबाप एकच प्रश्न विचारतात, आमच्यानंतर ह्याचं काय. सरकारकडे अशा पोरांसाठी नॅशनल ट्रस्ट ह्या केंद्राच्या संस्थेच्या योजना आहेत, निरामयमध्ये १ लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, घरौंदा म्हणून कायम राहायची योजना आहे, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सरकारी घर वाटपात ५ टक्के आरक्षण आहे. हे सगळं घ्याच. पण तीस वर्षांचा झालेला तो पोरगा ज्या गल्लीतल्या दुकानदाराला नावाने ओळखतो, ती गल्ली त्याला योजनेतून मिळत नाही.

मागून प्रश्न आलाय की ह्याला मेंबर तयार होतील का. होतील असं नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली रीडेव्हलपमेंटला ५१ टक्के मेंबरांची संमती लागते, आणि गाळा ठेवायचा म्हणजे प्रत्येकाचं थोडं कार्पेट किंवा कॉर्पस, म्हणजे डेव्हलपरकडून मिळणारी रक्कम, कमी होते, तरुण मेंबर म्हणतात आम्हाला पार्किंग द्या. भांडण होणार. पण ते टेंडर काढायच्या आधी करा, एकदा ऑफर हातात आली की कोणी कोणाचं ऐकत नाही.

सराफ बाजारातले काका म्हणतात आमच्याकडे तळमजल्यात पुराचं पाणी शिरतं, त्यांचा मुद्दा बरोबर आहे. तिथे तळमजल्याचा माझा सल्ला चालत नाही. २००८, २०१६, २०१९, पाणी कुठपर्यंत आलं ते गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून तुम्ही मला सांगाल. नदीजवळच्या निळ्या पूररेषेच्या आत तर नवीन बांधकामच नाही, आणि जुन्या अधिकृत इमारतीची रीडेव्हलपमेंट असो की निळी रेषा आणि तिच्या पलीकडची मोठ्या पुराची लाल रेषा ह्यांच्या मधलं बांधकाम, जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं, म्हणजे रॅम्प इतका लांब होतो की प्लॉटमध्ये मावणारच नाही. तिथे ही खोली पहिल्या मजल्यावर घ्या, लिफ्टला जनरेटर द्या, आणि तो आणि त्याचं पॅनेल वर बसवा, खाली नाही. बऱ्याच ठिकाणी जनरेटर तळघरात असतो आणि पुरात पहिला तोच बुडतो.

आणि वाड्यातले भाडेकरू असोत नाहीतर सिडकोतले मालक, एक गोष्ट सगळे विसरतात, बांधकामाची ती तीन-चार वर्षं. डेव्हलपर भाड्याचा चेक देतो आणि हात झटकतो. पंचाहत्तरीच्या एकट्या बाईला नाशिकमध्ये भाड्याने घर द्यायला किती घरमालक तयार होतात, विचारून बघा. म्हणून करारात नुसती भाड्याची रक्कम नको. साठीच्या पुढच्या आणि दिव्यांग मेंबरांना त्याच भागात, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेलं घर डेव्हलपरने स्वतः शोधून, स्वतःच्या नावावर भाड्याने घेऊन द्यायचं, आणि ती चावी हातात पडेपर्यंत जुनं घर रिकामं करायचं नाही.