शत्रूचं डिझाइन आणि मुंबईचं सागवान

मंडळी, बॅटलशिप म्हटलं की आपल्याला ती पोलादी बोट दिसते, भल्यामोठ्या तोफा आणि मागे धूर. पण मी आज जरा मागे जाणार आहे, लाकडी बॅटलशिपकडे, कारण त्यातल्या काही आपल्या मुंबईत बांधल्यात, लायन गेटच्या आत, जिथे आज नेव्हीची गोदी आहे तिथेच.

तेव्हाची लढाई म्हणजे दोन्ही बाजूंची जहाजं एकामागे एक ओळ धरून समोरासमोर यायची आणि कुशीतल्या तोफा डागायच्या. ओळीतलं एक जहाज जरी लेचंपेचं निघालं तरी तिथे भगदाड, म्हणून ओळीत उभं राहायचं तर दोन-तीन मजली तोफा हव्यात. ७४ तोफांचं जहाज हे त्यातलं सगळ्यात चालणारं मॉडेल.

आता इंग्रजांची अडचण अशी की नेपोलियनशी लढाई वर्षानुवर्षं चाललीय, ओक लाकूड कमी पडतंय, आणि घाईघाईत ओलं लाकूड वापरलं की जहाज आतून कुजतं. शिवाय ओकमध्ये आम्ल असतं ते लोखंडी खिळे खातं, म्हणजे फळी धडधाकट दिसते पण आत बोल्टाची सुतळी झालेली. सागवानाचं उलट आहे, त्यातल्या तेलामुळे लोखंड गंजत नाही आणि लाकूडही सहसा किडत नाही. मग मलबारच्या जंगलातलं सागवान मुंबईत यायचं, आणि गोदीचे मास्टर बिल्डर होते वाडिया. लवजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून आले तेव्हापासून पिढ्यानपिढ्या हेच काम. त्यांच्यातल्या जमशेटजी बोमनजींनी १८१० मध्ये 'मिंडन' पाण्यात सोडली, ७४ तोफांची. मग १८१३ ला 'कॉर्नवॉलिस', १८१५ ला 'वेलस्ली'.

(मिंडनवर अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं असा मेसेज तुम्हालाही आला असेल. सोडून द्या. तो कवी कैद्यांच्या सुटकेसाठी आलेल्या अमेरिकन नावेवर होता.)

आता खरी गंमत डिझाइनची. १७९८ ला नाईलच्या लढाईत इंग्रज ॲडमिरल नेल्सनने फ्रेंचांचं 'फ्रँकलिन' पकडलं, ८० तोफांचं, नवंकोरं. त्याचा आराखडा झाक-नोएल साने ह्या फ्रेंच इंजिनिअरचा. इंग्रजांनी त्याचं नाव 'कॅनोपस' ठेवलं आणि ते इतकं आवडलं की मापं घेऊन तसंच बांधायला काढलं, त्यातली काही मुंबईत झाली, जशी १८२१ ला 'गँजेस' आणि १८२४ ला 'एशिया'. म्हणजे रेघा सानेच्या, ऑर्डर लंडनची, लाकूड मलबारचं आणि हात मुंबईचे! मला विचाराल तर कॉपी करण्यात काही कमीपणा नव्हता, दोन मजल्यांचं चांगलं पळणारं जहाज फ्रेंचांनाच जास्त जमायचं.

पण नुसत्या रेघा उचलून भागत नाही. लाकडी जहाजाचा मध्यभाग पोटाळ, त्याला पाणी जोरात वर ढकलतं, आणि दोन्ही टोकं निमुळती असल्याने तिथे पाण्याचा आधार कमी, वर तोफांचं वजन आहेच, त्यामुळे टोकं खाली वाकत जातात आणि काही वर्षांत आख्खं जहाज पालथ्या ठेवलेल्या केळ्यासारखं होतं, सांधे उघडतात, पाणी शिरतं. जहाज जितकं लांब तितका हा त्रास जास्त. रॉबर्ट सेपिंग्ज ह्या इंग्रज जहाजबांधणीकाराने ह्यावर उपाय काढला तो आतून तिरपे आधार द्यायचा. चौकटीला तिरपी पट्टी ठोकली की ती डगमगत नाही, तेच तत्त्व. हे बसल्यावर लांब जहाजं टिकायला लागली.

एशिया पुढे १८२७ ला ग्रीसमधल्या नवारिनोच्या लढाईत इंग्रज ॲडमिरल कॉड्रिंग्टनचं फ्लॅगशिप, म्हणजे तो स्वतः ज्यावर असतो ते जहाज, होती, शिडाच्या जहाजांमधली ती शेवटची मोठी लढाई. कॉर्नवॉलिसवर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, चीनशी झालेल्या अफूच्या युद्धानंतरचा. तो अभिमानाने सांगायचा प्रसंग नव्हे, पण झालं ते झालं.

मग वाफ आली, फुटणारे गोळे आले आणि लाकडाचा धंदा बसला. १८६० ला ब्रिटनने 'वॉरियर' पाण्यात सोडली, लोखंडी बांध्याची. पण तिच्या चिलखताकडे नीट बघा, बाहेर साडेचार इंच लोखंड आणि त्याच्यामागे १८ इंच सागवान! गोळ्याचा दणका लोखंड एकट्याने घेईना, मागे गादीसारखं लाकूड लागायचंच. म्हणजे सागवान बॅटलशिपमधून गेलं नाही, फक्त आतल्या बाजूला सरकलं.

आणि आपली जुनी जहाजं काही मरेनात, डिझाइन कधीच आउटडेटेड झालं तरी लाकूड ठणठणीत. कॉर्नवॉलिसला १८५५ मध्ये स्टीम इंजिन बसवलं, नंतर तिचा शीअरनेसला धक्का म्हणून वापर झाला, ती मोडली थेट १९५७ ला. वेलस्ली थेम्स नदीत ट्रेनिंग शिप होती, १९४० ला जर्मन बॉम्बने बुडाली. आणि १८१७ ची 'ट्रिंकोमाली', ती फ्रिगेट, म्हणजे बॅटलशिपपेक्षा लहान, पण तिच्याही आराखड्याचं मूळ सानेच्याच एका जहाजात आहे. ती अजून तरंगतेय, इंग्लंडात हार्टलपूलला. तिकडे कुणाची मुलं-बाळं असतील तर जाऊन या, तिकीट काढून आत फिरता येतं, आणि फिरताना खालच्या डेकवर जरूर उतरा, सांधे तिथेच नीट दिसतात.