हर्लिंग, रग्बी आणि झुकतं माप

नमस्कार श्रोतेहो.

२९ ऑगस्ट १९२६. डब्लिनच्या क्रोक पार्कवर किलकेनी विरुद्ध गॉलवे असा हर्लिंगचा उपांत्य सामना चालला होता. आयर्लंडचं रेडिओ केंद्र, टू-आर-एन, तेव्हा जेमतेम आठ महिन्यांचं होतं. पी. डी. मेहिगन नावाचा पत्रकार मायक्रोफोनसमोर बसला आणि दिसेल ते सांगत सुटला. मैदानी खेळाचं हे युरोपातलं पहिलं थेट रेडिओ समालोचन मानलं जातं. लंडनच्या बीबीसीने असा प्रयोग केला तो पुढच्या जानेवारीत, ट्विकनमवर, इंग्लंड आणि वेल्सच्या सामन्याला. तो सामना होता रग्बीचा.

आयरिश रेडिओने बोलायला सुरुवात केली ती अशी हर्लिंगपासून. तरी आज त्याच हर्लिंगचे चाहते म्हणतात की राष्ट्रीय माध्यमं रग्बीला झुकतं माप देतात. मी डब्लिनमध्ये राहते, मुलगा वस्तीतल्या क्लबात हर्लिंग खेळतो, त्यामुळे मैदानाच्या कडेला थंडीत उभ्या राहणाऱ्या पालकांकडून ही तक्रार कानावर पडतच असते. क्लेअर, टिपरेरी, मेयो अशा काउंट्यांतून, म्हणजे जिल्ह्यांतून, शहरात आलेली ही माणसं. आज बोलायचं आहे ते त्यांच्या तक्रारीबद्दल. ती कितपत खरी आहे, आणि जिथे खरी आहे तिथे दोष नेमका कुणाचा.

आधी थोडी ओळख करून देते. गेलिक खेळ म्हणजे मुख्यतः हर्लिंग, गेलिक फुटबॉल (आपल्या ओळखीच्या सॉकरहून वेगळं) आणि कमोगी, म्हणजे बायकांचं हर्लिंग. हर्लिंगमध्ये टोकाला चपटी असलेली लाकडी काठी आणि छोटा कातडी चेंडू. पंधरा जणांचा संघ. नवख्या डोळ्याला चेंडू दिसतच नाही, फक्त माणसं एका दिशेला धावताना दिसतात. पुरुषांचं हर्लिंग आणि फुटबॉल सांभाळते ती गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, जीएए. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात, मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. आज तिचे दोन हजारांहून जास्त क्लब आहेत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खेळाडूंना पगार नाही. ८२,३०० प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळलेला मुलगा सुट्टी संपली की शाळेत शिकवायला नाहीतर वायरिंगच्या कामाला जातो.

रग्बीचं तसं नाही. १९९५पासून हा खेळ व्यावसायिक झाला. लिन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनाक्ट हे चार प्रांतिक संघ, आणि त्यांच्यावर अख्ख्या बेटाचा मिळून एक आयर्लंड संघ. उत्तरेतले आणि दक्षिणेतले खेळाडू एकाच जर्सीत. खेळणाऱ्यांची संख्या गेलिक खेळांच्या मानाने कमी, पण डब्लिनमध्ये हा खेळ ज्या शाळांतून येतो त्या भरभक्कम फी घेणाऱ्या. ब्लॅकरॉक कॉलेज हे त्यातलं मोठं नाव. लिमरिक शहर मात्र याला अपवाद. तिथे गोदी-कारखान्यातल्या कामगारांच्या घरांतही रग्बी रुजली, आणि लिमरिकच्या माणसासमोर रग्बीला श्रीमंतांचा खेळ म्हटलं की तो तुम्हाला अर्धा तास सोडत नाही.

गंमत बघा. जीएए काढणारा मायकेल क्युसॅक स्वतः रग्बी खेळलेला, आणि १८७०च्या दशकात ब्लॅकरॉक कॉलेजमध्येच शिक्षक होता.

आता तक्रारीकडे येते. तिचा पहिला भाग भूगोलाचा. आरटीई, म्हणजे तिथलं राष्ट्रीय प्रसारण मंडळ, डब्लिन शहराच्या ४ क्रमांकाच्या टपाल विभागात, डॉनीब्रुकला आहे. आयर्लंडचा रग्बी संघ जिथे खेळतो ते अवीवा स्टेडियम याच विभागात. लिन्स्टरचं मैदान आरडीएस, तेही इथेच. डॉनीब्रुकचं जुनं रग्बी मैदान तर आरटीईपासून पायी जाण्याच्या अंतरावर. ‘डी-फोर’ म्हटलं की आयर्लंडमध्ये सुखवस्तू, शहरी, जरा नाक वर करून बोलणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तेव्हा गावाकडच्या माणसाचा हिशोब सरळ आहे. बातमी ठरवणारी माणसं जिथे राहतात, जेवतात, मुलांना शाळेत घालतात, तिथला खेळ त्यांना मोठा वाटणारच.

मला हा हिशोब अर्धाच पटतो. कारण वर्तमानपत्रांचा इतिहास पाहिला तर वेगळंच दिसतं. १९३१ साली राजकीय नेते एमन डी व्हॅलेरा यांनी ‘आयरिश प्रेस’ हे दैनिक काढलं. त्याआधी मोठी दैनिकं गेलिक खेळांना बेतानेच जागा देत. ‘प्रेस’ने हर्लिंग आणि फुटबॉलला पानंच्या पानं दिली, खप वाढवला, आणि मग प्रतिस्पर्धी ‘आयरिश इंडिपेंडंट’लाही तेच करावं लागलं. ‘प्रेस’ १९९५ साली बंद पडलं, पण ती पानं इतरांकडे टिकली. वाचक हलला की संपादक हलतो, मग तो कुठल्या का टपाल विभागात राहत असेना.

आणि रेडिओचं तर काय सांगू! १९४७ साली अखिल आयर्लंड फुटबॉलचा अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला, कॅव्हन विरुद्ध केरी. मीहॉल ओ’हेहर समालोचन करत होते. समारंभ लांबले, खेळ उशिरा सुरू झाला, आणि अटलांटिकपलीकडे आवाज नेणारी लाइन आधीच ठरलेल्या वेळी तुटणार होती. सामना रंगात आलेला. तेव्हा ओ’हेहर समालोचनाच्या मध्येच, प्रक्षेपण चालू असतानाच, ऐकणाऱ्या अनोळखी तंत्रज्ञांना विनवू लागले की फक्त पाच मिनिटं द्या, एवढी पाच मिनिटं. लाइन तुटली नाही. कॅव्हन जिंकलं आणि घराघरांत ते ऐकू गेलं. ज्या माध्यमाने हे केलं त्याला गेलिक खेळांचं वावडं होतं, असं मी तरी म्हणणार नाही.

उलट एक काळ असा होता की दार जीएएनेच लावून घेतलं होतं. त्यांचा एक नियम होता. रग्बी, सॉकर, हॉकी, क्रिकेट हे ‘परकीय’ खेळ. ते खेळलात, एवढंच काय बघायला गेलात, तरी तुम्ही बाहेर. १९३८ साली डग्लस हाइड, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, आयर्लंड आणि पोलंडचा सॉकर सामना बघायला गेले, आणि जीएएने त्यांना आपल्या आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकलं. राष्ट्राध्यक्षांना! हा नियम १९७१ साली गेला. क्रोक पार्कवर रग्बी आणि सॉकर खेळू द्यायला तर २००५ उजाडलं. २००७च्या फेब्रुवारीत त्या मैदानावर इंग्लंडचा रग्बी संघ उतरला. हे तेच मैदान, जिथे नोव्हेंबर १९२० मध्ये ब्रिटिश सुरक्षा दलांच्या गोळीबारात टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन आणि कितीतरी प्रेक्षक मारले गेले होते. इंग्लंडचं राष्ट्रगीत झालं, लोक शांत उभे राहिले, आणि मग आयर्लंडने सामना ४३-१३ असा मारला. मे २०२४ मध्ये लिन्स्टरने त्याच क्रोक पार्कवर युरोपियन उपांत्य सामन्याला ८२,३०० तिकिटं खपवली. भाडं अर्थातच जीएएला.

मग तक्रार एवढी चिघळली केव्हा? माझ्या मते २०२३च्या वसंतात. जीएए आणि आरटीई यांनी मिळून गा-गो नावाची ऑनलाइन सेवा चालवली होती. मुळात ती परदेशातल्या आयरिश लोकांसाठी. २०२३पासून देशातलेही बरेच सामने तिच्यावर गेले, एका सामन्याला १२ युरो. त्यात मन्स्टर हर्लिंगचे सामने होते. क्लेअरने लिमरिकला हरवलं तो, आणि पुढच्याच आठवड्यात कॉर्क आणि टिपरेरी बरोबरीत सुटले तो. हर्लिंग मन्स्टर प्रांतात ज्या ईर्ष्येने खेळतात ती दुसरीकडे क्वचितच दिसते, आणि तेच सामने फुकटच्या वाहिनीवर नाहीत. त्याच काळात प्रांतिक रग्बी लीगचे सामने आरटीईवर फुकट दिसत होते. खेड्यातल्या, इंटरनेट धड न चालणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने काय समजायचं? संसदेत प्रश्न आले, उपपंतप्रधानांपर्यंत सगळे बोलले. पण पैसे मागणाऱ्या त्या सेवेत जीएएची निम्मी भागीदारी होती, हे रागाच्या भरात बरेच जण विसरले. पुढे जीएएने आरटीईचा हिस्साही घेतला आणि २०२५मध्ये सेवेचं नाव जीएए-प्लस केलं. आता ती सबंध त्यांचीच.

कॅलेंडरचंही तेच. पिढ्यानपिढ्या अखिल आयर्लंडचे अंतिम सामने सप्टेंबरात व्हायचे. शाळा सुरू झालेल्या असायच्या, काउंटीचे झेंडे खिडक्यांत लागलेले असायचे, आणि आठवडाभर पेपरांत दुसरा विषय नसायचा. मग क्लबांच्या सामन्यांना मोकळे महिने मिळावेत म्हणून हंगामाची विभागणी केली, आणि २०२२पासून अंतिम सामने जुलैत आले. सामान्य क्लब-खेळाडूच्या दृष्टीने हे न्यायाचं झालं, त्याला निदान आपला सामना कधी ते कळू लागलं. पण ऑगस्ट-सप्टेंबरची क्रीडापानं रिकामी पडली. २०२३च्या सप्टेंबरात रग्बीचा विश्वचषक फ्रान्समध्ये सुरू झाला तेव्हा समोर हर्लिंग नव्हतंच. रिकामी जागा कुणीतरी भरणारच, तिथे रग्बीला दोष काय द्यायचा?

आणखी एक गोष्ट, बाहेरून न दिसणारी. रग्बीचे संघ पगारी, त्यामुळे दर आठवड्याला पत्रकार परिषद, खेळाडू समोर बसवलेले, दुखापतींची यादी हातात. पत्रकाराला मंगळवारी बातमी, बुधवारी बातमी, शुक्रवारी बातमी. काउंटीच्या हर्लिंग संघाचा सराव बंद दाराआड. खेळाडू बोलतो तो बहुतेक एखाद्या प्रायोजकाच्या कार्यक्रमात, मागे कंपनीचा फलक लावून, तेही जपून. त्यालाही मी दोष देत नाही, उद्या त्याला कामावर जायचं असतं. पण बातमी मिळते तिथेच बातमी छापली जाते.

एवढं सगळं मान्य करूनही मला वाटतं की मैदानाच्या कडेचे ते पालक अगदीच चुकत नाहीत. फक्त ते मोजतात मिनिटं आणि रकाने, आणि त्यांना बोचतं ते वेगळंच. बोचतो तो सूर.

रग्बीचा आयर्लंड संघ दुसऱ्या देशाशी खेळतो, म्हणून निवेदकाला उघडपणे बाजू घेता येते. जिंकलं की आनंद, हरलं की सांत्वन. २०२३च्या विश्वचषकात पॅरिसला न्यूझीलंडकडून २८-२४ असा पराभव झाला. उपांत्य फेरी आयर्लंडने आजवर गाठलेलीच नाही, तरी त्या रात्री स्टुडिओत घरातलं कुणी गेल्यासारखं वातावरण होतं. हर्लिंगमध्ये कॉर्क हरतं तेव्हा टिपरेरी जिंकलेलं असतं. राष्ट्रीय वाहिनीला कुणाचीच बाजू घेता येत नाही, मग उरते ती चिकित्सा. ‘द संडे गेम’ हा कार्यक्रम १९७९पासून चालू आहे, आणि रविवारी रात्री त्यात माजी खेळाडू बसून आजच्या खेळाडूंची चिरफाड करतात. कुणी चेंडू सोडला, कुणी उगाच काठी मारली, संथ गतीत तीनतीनदा. पगारी खेळाडूला सांभाळून घेतात आणि बिनपगारीची अशी कानउघाडणी, हे बघून त्याच्या आईला काय वाटत असेल?

हा दुजाभाव कुणी बैठक घेऊन ठरवलेला नाही. पण आहे. आणि तो घड्याळ लावून मोजता येत नाही, म्हणून आरटीईने प्रक्षेपणाचे तास कितीही दाखवले तरी तक्रार मिटत नाही.

आपल्याकडे हे समजायला कठीण नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. आपण किती जणांनी तो अंतिम सामना पाहिला? बातमी आली होती की. फक्त क्रिकेट जिंकल्यावर निवेदकाचा आवाज जसा चढतो तसा तो चढला नव्हता.

इकडे टीजी-फोर ही आयरिश भाषेची वाहिनी १९९६पासून क्लबांचे, लीगचे आणि बायकांचे सामने दाखवत आली आहे, आणि तिच्याबद्दल ही तक्रार मी फारशी ऐकली नाही. तिचे निवेदक गावाकडच्या क्लबाबद्दल बोलतात ते त्या क्लबात कधीतरी चहा प्यायल्यासारखे. मला आयरिश अर्धीमुर्धीच कळते, तरी हा फरक कळतो.

ज्यांना हे स्वतः ताडून पाहायचं असेल त्यांनी फेब्रुवारी-मार्च गाठावेत. सिक्स नेशन्स ही सहा युरोपीय देशांची रग्बी स्पर्धा आणि जीएएची लीग तेव्हा एकाच वेळी चालू असतात. आरटीईचा रेडिओ इंटरनेटवर पुण्या-मुंबईतही लागतो. सोमवारी सकाळी क्रीडावार्ता लावा. पहिली बातमी कोणती ते ऐकाच, पण त्याहून जास्त लक्ष वाचणाऱ्याच्या आवाजाकडे द्या.

नमस्कार.