धुलाईघराच्या मागची टाकी

रुग्णालयाच्या धुलाईघरातून हे पाणी नुकतंच बाहेर पडलंय. कढत, फेसाळ, करडं. यात साबण आहे, ब्लीच आहे, रक्त आहे. आणि या नळीतून येऊन मिळतंय ते वॉर्डांचं सांडपाणी; रुग्णांच्या शरीरातून न बदलता बाहेर पडलेली औषधं त्यात आहेत.

पहिली अडवणूक या जाळीवर. हा गोळा बघा, सगळे चादरींचे तंतू. ते इथे अडले नाहीत तर पुढचे गाळणारे पडदे तुंबतात. मग समतोल टाकी. यंत्रं पाणी एकदम ओततात; ते इथे निवतं, एकजीव होतं. ब्लीचचा जोर इथेच उतरावा लागतो, नाहीतर पुढच्या टाकीतले जिवाणू मरतील.

ती टाकी ही. तपकिरी रंग जिवाणूंचा, बुडबुडे त्यांच्यासाठी सोडलेल्या हवेचे. साबण आणि रक्त ते खातात. शेवयांसारखे लोंबणारे हे पांढरे धागे म्हणजेच ते गाळणारे पडदे; आतून पोकळ आहेत. त्यांच्या भिंतीतली छिद्रं मायक्रॉनपेक्षा कितीतरी बारीक. पाणी आत ओढलं जातं, जिवाणू बाहेर राहतात.

ग्लासातलं पाणी नितळ दिसतंय. पण फिट्सवरचं कार्बामाझेपिन यातून जवळजवळ जसंच्या तसं पुढे जातं. जिवाणू त्याला फारसं तोंड लावत नाहीत, आणि छिद्रांपुढे त्याचा रेणू फारच लहान. म्हणून इथे थांबून चालणार नाही, हे आम्ही ठामपणे म्हणतो.

हा निळसर जांभळा उजेड ओझोन यंत्रातला. ऑक्सिजनमधून उच्च दाबाची वीज सोडली की ओझोन तयार होतो. तो फार काळ टिकत नाही, जागेवरच बनवावा लागतो. कार्बामाझेपिन आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक तो झपाट्याने तोडतो. एक्स-रेआधी टोचतात ती आयोडिनयुक्त द्रव्यं मात्र चिवट. त्यांच्यासाठी शेजारच्या नळीत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. पेरॉक्साइडचा रेणू दुभंगतो, आणि त्यातून निघणारे हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, ओझोनपेक्षाही जहाल. तुटलेल्या रेणूंचे बरेच तुकडे सक्रिय कोळशाच्या या थरात अडकतात. या कोळशाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो.

हे सगळं रुग्णालयाच्या आवारातच व्हायला हवं. शहराच्या गटारात मिसळलं, की त्याच औषधासाठी कितीतरी पट पाणी उपसावं लागतं. आणि प्रतिजैविकांना सरावलेले जिवाणू नदीतून पुन्हा माणसांपर्यंत पोचू शकतात.

प्रयोगशाळेतला हा आलेख. डावीकडे आत येणाऱ्या पाण्यातला डायक्लोफेनॅकचा सुळका, उजवीकडे कोळशातून बाहेर पडलेलं पाणी. उजवीकडची रेघ वर चढू लागली, की कोळसा बदलायचा.