डोंगर खरे, बाकीचं जमवलेलं

तर मंडळी, हे ब्लू रिजचे डोंगर, अमेरिकेतल्या ॲपलाचियन रांगेचा पूर्वेकडचा भाग. लांबून निळसर दिसतात ते झाडांमुळेच, झाडं हवेत जे वायू सोडतात त्यांचं धुकट तयार होतं आणि त्यातून हा रंग येतो. हा एवढा भाग खरा निसर्ग. बाकीचं बरंचसं माणसाने बसून जमवलेलंय.

नॉर्थ कॅरोलायनातलं ॲशव्हिल. इथे जॉर्ज व्हँडरबिल्टने १८९५ मध्ये बिल्टमोर नावाचं आपलं २५० खोल्यांचं घर उघडलं. आजोबांनी जहाजं आणि रेल्वेत कमावलं, नातवाने डोंगरात ओतलं. पण जमीन घेतली तेव्हा ती होती कशी, तर शेती करून करून दमलेली आणि जंगल तोडून बोडकं झालेलं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारा ओल्मस्टेड आला आणि म्हणाला, घराभोवती थोडी बाग कर आणि बाकी सगळीकडे झाडं लाव. गेटपासून घरापर्यंतचा तीन मैलांचा रस्ता त्याने असा वळवत नेलाय की दोन्ही बाजूंना नुसती दाट झाडी, वाटतं आपण रानातच चाललोय, आणि शेवटच्या वळणावर घर धाडकन समोर. ती झाडी लावलेली आहे हं! व्हँडरबिल्ट १९१४ मध्ये गेला, मग बायकोने जवळपास ८७ हजार एकर सरकारला विकले आणि त्यातून पिस्गा नॅशनल फॉरेस्ट झालं.

गावातच ग्रोव्ह पार्क इन, १९१३ चं रिसॉर्ट. मालक एडविन ग्रोव्ह, मलेरियावरचं क्विनाईनचं टॉनिक विकून गब्बर झालेला. भिंतीतले हे धोंडे जवळून बघा, फोडलेली बाजू कुठेच दिसत नाही, ऊन-पाऊस खाल्लेली बाजूच बाहेर ठेवायची असा हुकूम होता, म्हणजे नवं हॉटेल पहिल्या दिवसापासून जुनं दिसावं. आणि लॉबीतल्या त्या अवाढव्य शेकोट्यांच्या दगडी चिमणीतच लिफ्ट लपवलीय, कमाल डोकं!

आता वर व्हर्जिनियात, ब्लू रिज पार्कवेने. ४६९ मैलांचा रस्ता, काम १९३५ ला सुरू झालं आणि पूर्ण व्हायला १९८७ उजाडलं. ट्रकना बंदी, होर्डिंग नाही.

इथली मॅब्री मिल, पाण्यावर चालणारी गिरणी, हिचा फोटो तुम्ही कॅलेंडरवर नक्की बघितला असेल. गिरणी अस्सल आहे, मॅब्री नवरा-बायकोची. शेजारचं लाकडी ओंडक्यांचं घर मात्र त्यांचं नाहीच. त्यांचं घर दुमजली, फळ्यांचं, त्या काळाच्या मानाने मॉडर्न होतं, आणि पार्कवेवाल्यांना डोंगरातलं 'जुनं जीवन' दाखवायचं होतं, त्यात ते बसेना. १९४२ मध्ये पाडलं आणि पुढे दुसरीकडचं ओंडक्यांचं घर आणून उभं केलं. म्हणजे मॅब्रींच्या दारात मॅब्रींचंच घर नापास. मला तर हे पटलेलं नाही, पण शेजारच्या हॉटेलातले बकव्हीटचे पॅनकेक मात्र खाऊन जा.