गालावरचे ग्रीस

(रत्नागिरीतील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

आजचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘कथा-चित्रपटांतील स्त्री मेकॅनिक’ असा छापला आहे. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक हा ट्रेड शिकवण्यात माझे दिवस गेले आणि याच वाचनालयातून नेलेली पुस्तके वाचण्यात संध्याकाळी गेल्या. त्यामुळे पुस्तकात किंवा पडद्यावर हातात पाना घेतलेली बाई आली, की माझी नजर आधी तिच्या हातांवर जाते. बहुतेक वेळा हात स्वच्छ असतात आणि गालावर ग्रीसचा एक काळा पट्टा असतो. तो पट्टा कुठे काढला आहे यावरून लेखकाला किंवा दिग्दर्शकाला तिचे काम दाखवायचे आहे, की तिला पाहून इतरांना वाटलेले नवल दाखवायचे आहे, हे मला लगेच कळते. आजचे माझे सगळे म्हणणे या फरकाविषयी आहे.

मागे एका नाट्यसंस्थेने एकांकिका स्पर्धेसाठी गॅरेज चालवणाऱ्या मुलीवरची संहिता निवडली होती. रंगमंचावरचे गॅरेज खरे वाटावे म्हणून मला बोलावणे आले. मी मोठ्या हौसेने एक जुना फ्युएल पंप, रिंग पान्यांचा संच, पकडी, टॉमी, तेलाने काळवंडलेला बाक असे सगळे पोहोचवले. नायिकेचे काम करणारी मुलगी गुणी होती. ती कार्यशाळेत येऊन बसत असे. इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या टॅपेटच्या फटीत, ती फट मोजायच्या फीलर गेजची पाती सरकवताना ती अगदी सैल जाता कामा नये आणि अडूनही बसता कामा नये, किंचित ओढ लागली पाहिजे, आणि ती ओढ डोळ्यांना दिसत नसून बोटांनाच कळते, हे तिने माझ्यादेखत शिकून घेतले. रंगीत तालमीच्या दिवशी ती खरोखरच काळ्या झालेल्या हातांनी आली. दिग्दर्शकाने तिला हात धुऊन यायला सांगितले, केस मोकळे सोडायला लावले आणि काजळाने तिच्या उजव्या गालावर एक तिरपी रेघ ओढली. मागच्या रांगेतून हात दिसत नाहीत, चेहरा दिसतो, असे कारण त्यांनी दिले. फिरत्या फॅनबेल्टजवळ मोकळे केस ठेवणारी बाई आठवडाभरही धडधाकट राहणार नाही, असे मी म्हणालो, तेव्हा सगळे हसले. एकांकिकेला पारितोषिक मिळाले, त्याचा मला आनंदच आहे. पण त्या मुलीने बोटांनी शिकलेली ती ओढ प्रयोगात कुठेच आली नाही, याचे वाईट मला आजही वाटते.

आपल्यापैकी ज्यांनी कधी गाडीखाली पडून काम केले आहे त्यांनी जरा हात वर करावेत. पुष्कळ हात वर झाले. यातले काही हात इथूनही ओळखू येतात! मग तुम्हाला ठाऊकच आहे, की काळे तेल बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्यांत बसते, नखांच्या कडांना धरते, मनगटाच्या आतल्या बाजूला आणि कोपरापर्यंत पसरते. आधी रॉकेल किंवा डिझेल, मग कपडे धुण्याची पावडर, मग साबण, एवढे केले तरी नखांची कड दुसऱ्या दिवशी सकाळी तशीच असते. चेहऱ्याला काही लागले तर ते कपाळावर लागते, कारण घाम मनगटाच्या मागच्या बाजूने पुसला जातो. बांगड्या आणि अंगठी काढून ठेवाव्या लागतात. बॅटरीच्या टर्मिनलवर पाना टेकला आणि त्याच वेळी अंगठी बॉडीला लागली, तर बोट भाजून निघते. या बारकाव्यांना मी एवढा वेळ देतो आहे, कारण पात्र यांतूनच उभे राहते. मासे कापणारी बाई लिहिताना आपले लेखक कोयतीचा कोन चुकवत नाहीत. मेकॅनिक बाई लिहितानाही तेवढीच काळजी घेतली जावी, एवढे मागण्याचा अधिकार वाचक म्हणून मला आहे.

प्रेक्षकांना असे हात आवडणार नाहीत, हे मला मान्य नाही. आपण दशावतार पाहून वाढलेली माणसे आहोत. रात्री पेटीचा सूर लागतो, पुरुष नट लुगडे नेसून उभा राहतो आणि थोड्याच वेळात आपण द्रौपदीसाठी हळहळू लागतो. ज्या प्रेक्षकाची कल्पनाशक्ती एवढी मोठी आहे त्याला काळ्या हातांची बाई नक्की पेलवेल.

काम दाखवणारी आणि नवल दाखवणारी, या दोन दृष्टींचा फरक समजून घ्यायचा असेल तर अमेरिकेतली दोन चित्रे शेजारी ठेवावीत. दोन्ही १९४३ची, महायुद्धाच्या काळातली, जेव्हा तिथल्या स्त्रिया मोठ्या संख्येने कारखान्यांत गेल्या. पहिले जे. हॉवर्ड मिलर यांचे भित्तिचित्र. पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल डोक्याला बांधलेली तरुणी बाही सरसावून मूठ दाखवते आहे. तिचा चेहरा रेखीव आहे, हात स्वच्छ आहेत, आसपास एकही यंत्र नाही. वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यांत थोडे दिवस लावण्यापुरते ते काढले होते. आज कपांवर आणि टी-शर्टांवर आपल्याला दिसते ते हेच. दुसरे नॉर्मन रॉकवेल यांचे, २९ मे १९४३च्या ‘सॅटरडे ईव्हनिंग पोस्ट’चे मुखपृष्ठ. त्यातली ‘रोझी द रिव्हेटर’, म्हणजे युद्धकाळातल्या कामगार स्त्रीचे प्रतीक ठरलेली रोझी, धिप्पाड आहे, दंड भरदार आहेत, मांडीवर रिव्हेट मारण्याची जड बंदूक आडवी आहे, जवळ जेवणाचा डबा आहे आणि ती सँडविच खाते आहे. तिची जेवणाची सुट्टी झाली आहे. तिला त्या क्षणी कोणालाच काही सिद्ध करून दाखवायचे नाही. मला हे दुसरे चित्र फार मोलाचे वाटते.

सिद्ध करून दाखवण्यावरून माझ्या सर्वांत आवडत्या उदाहरणाकडे येतो. १९९२ साली ‘माय कझिन व्हिनी’ हा चित्रपट आला. त्यातल्या मोना लिसा व्हिटो या भूमिकेसाठी मरिसा टोमे यांना सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. अलाबामातल्या एका दुकानात खून झाला आहे, दोन निरपराध तरुण त्यात अडकले आहेत आणि त्यांचा वकील आपल्या वाग्दत्त वधूलाच साक्षीला उभे करतो. व्यवसायाने ती केशभूषा करणारी आहे, पण तिचे वडील आणि भाऊ मेकॅनिक आहेत. सरकारी वकील तिला खोटे पाडण्यासाठी विचारतो, की १९५५च्या शेव्हरले बेल एअर गाडीचे, ३२७ घनइंचाचे इंजिन आणि चार बॅरलचा कार्बुरेटर असताना, इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, किती? ती उत्तर द्यायला नकार देते. वकिलाला वाटते, जिंकलो. मग ती सांगते, की या प्रश्नाला उत्तरच नाही, कारण १९५५ साली शेव्हरलेने ते इंजिन बनवलेच नव्हते, ते १९६२ साली आले, आणि चार बॅरलच्या कार्बुरेटरसह बेल एअरमध्ये मिळू लागले ते १९६४ साली. मग १९६४च्या त्या गाडीचे खरे टायमिंगही ती सांगते: टॉप डेड सेंटरच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर पोहोचतो त्या बिंदूच्या, आधी चार अंश.

यानंतरचा भाग मी माझ्या वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. तिने स्वतः काढलेल्या छायाचित्रात पळून गेलेल्या गाडीच्या चाकांचे दोन ठसे आहेत, अगदी सारखे. डिफरन्शियल म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी यंत्रणा. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक घसरू लागले की सगळी ताकद त्या चाकाकडे जाते आणि दुसरे ढिम्म उभे राहते. पावसाळ्यात आपल्या तांबड्या चिखलात रुतलेली गाडी ज्यांनी ढकलली आहे त्यांना हे पाठच आहे. दोन्ही चाके सारखी फिरली याचा अर्थ त्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल होते, अमेरिकेत ज्याला पॉझिट्रॅक्शन म्हणतात. आरोपींच्या १९६४च्या ब्युइक स्कायलार्कमध्ये ते मिळतच नव्हते. शिवाय एक चाक कडेच्या उंचवट्यावर चढले, तरी दुसऱ्याचा ठसा सपाट आणि एकसारखा राहिला. मागचा ॲक्सल अखंड असता तर दुसरे चाक कलले असते आणि ठसा एका कडेला गेला असता. म्हणजे मागची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर होती. या दोन्ही गोष्टी असलेली आणि आकाराने स्कायलार्कसारखी दिसणारी गाडी म्हणजे १९६३ची पॉन्टिॲक टेम्पेस्ट. खटला तिथेच फिरतो.

हा प्रसंग मला आवडतो, कारण यात ज्ञान नुसते मिरवलेले नाही, त्याचा उपयोग झाला आहे. प्रेक्षक तिच्याबरोबर विचार करतो. मेकॅनिकचे मुख्य काम म्हणजे दोषाचे निदान, नट आवळणे पुढचे. तरीही पाहा, इतक्या चांगल्या प्रसंगातही तिची परीक्षा आधी होते, पुरुषांनी भरलेल्या दालनात होते, आणि ज्ञानाचा दाखला म्हणून वडील आणि भाऊ सांगावे लागतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटे उरली आहेत आणि मुख्य मुद्दा अजून मांडायचा आहे, तेव्हा यापुढे भरभर बोलतो.

मुद्दा असा, की कथेतल्या स्त्री मेकॅनिकला दोन अटी घातल्या जातात. पाना तिच्या हाती कोणा पुरुषाने दिला पाहिजे आणि तिने कोणा पुरुषाला चकित केले पाहिजे. २००७च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये मिकेला बॉनेट उचलून दोष ओळखते. तिला वडिलांनी शिकवले आहे. पण कॅमेरा इंजिनाकडे न पाहता तिच्या कमरेकडे पाहतो, आणि मुलांना गाड्यांतले जास्त कळणारी मुलगी आवडत नाही, हे तिलाच बोलून दाखवावे लागते. आपल्याकडे तर गॅरेजमध्ये बाई येते ती गिऱ्हाईक म्हणूनच. १९५८च्या ‘चलती का नाम गाड़ी’मध्ये मधुबाला पावसात भिजत बंद पडलेली गाडी घेऊन येते आणि दुरुस्ती किशोरकुमार करतो. चित्रपट अतिशय गोड आहे, पण त्या गॅरेजचा साचा आपल्या मनात पक्का बसला. प्रत्यक्षात १९७४ साली सुधा मूर्ती यांनी टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ या अटीविरुद्ध जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि त्या शॉपफ्लोअरवर रुजू झाल्या. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी आगगाडीचे इंजिन चालवायला घेऊनही कित्येक वर्षे झाली. आपले कथालेखन यांच्या बरेच मागे राहिले आहे.

या दोन अटी मोडणारी उदाहरणे आहेत. हिरोमु अराकावा या जपानी चित्रकथाकार स्वतः स्त्री आहेत. त्यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ २००१ ते २०१० या काळात क्रमशः आली. तीत विन्री ही मुलगी पोलादाचे कृत्रिम हातपाय बनवते आणि ही विद्या तिच्याकडे आजीच्या हाताखाली आली आहे. एकदा ती नायकाच्या पोलादी हातात एक स्क्रू बसवायला विसरते, आणि ते लक्षात आल्यावर तिला जी धास्ती वाटते ती प्रत्येक मेकॅनिकने अनुभवलेली असते. चूक करण्याची मुभा मिळाली, की पात्र माणूस होते.

दुसरे उदाहरण २००२च्या ‘फायरफ्लाय’ या मालिकेतल्या केली नावाच्या मुलीचे. एका जुनाट अवकाशयानाची ती मेकॅनिक. वडिलांचे नाव आणि परीक्षेचा प्रसंग तिथेही आहेतच, पण मालिका तेवढ्यावर थांबत नाही. इंजिनाची कॉम्प्रेशन कॉइल नवी घ्यायला हवी, असे ती कप्तानाला सुरुवातीलाच सांगते आणि तो ते हसण्यावारी नेतो. पुढे एका भागात नेमका त्याच कॉइलचा एक सुटा भाग फुटतो, यान भर अवकाशात बंद पडते, आणि केली हताश होऊन इंजिनजवळ बसून राहते, कारण सुटा भाग नसेल तर कौशल्य असूनही काही करता येत नाही. मिरकरवाड्याच्या जेट्टीवर मी हा संवाद अनेकदा ऐकला आहे. मिस्त्री सांगतो, पंपाचा इंपेलर बदलून घ्या. मालक म्हणतो, पुढच्या सीझनला बघू. मग बोट समुद्रात असताना त्या रबराच्या पाकळ्या झडतात, खारे पाणी फिरायचे थांबते आणि इंजिन तापते. ज्या कोणी केलीचे पात्र लिहिले, त्यांनी मेकॅनिकचे खरे दुःख लिहिले.

असे आपल्या भाषेत लिहिता येईल का? माझी एक विद्यार्थिनी बंदरावर कामाला जाते. तिला मी एका बोटीवर पाहिले. डिझेलच्या लाइनमध्ये एअर पकडली होती. तिने फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू थोडा ढिला केला आणि हँड प्रायमर, म्हणजे डिझेल पुढे ढकलणारा हातपंप, दाबत राहिली. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे, मग मधूनच एखादा बुडबुडा. बोटीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, वरून म्हणाला, “अगो, किती वेळ?” ती मान वर न करता म्हणाली, “काका, अजून फुटतोय.” बुडबुडा येणे थांबून डिझेलची अखंड धार लागली, तेव्हाच तिने स्क्रू आवळला. मग इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले केले, स्टार्टर मारायला सांगितला, तिथली हवाही काढली आणि नट परत आवळले. इंजिन लागले. कोणीही चकित झाले नाही. तांडेलाने बिल विचारले आणि दोघांची घासाघीस सुरू झाली.

त्या घासाघिशीत कथा आहे. उधारी ठेवणाऱ्या मालकात, दोनदा दुरुस्त करूनही पुन्हा बिघडणाऱ्या पंपात, दिवसभर वाकून धरलेल्या पाठीत कथा आहे, आणि ती लिहायला तिच्या वडिलांची किंवा कोणाच्या नवलाची गरज नाही. सभागृहात एकांकिका लिहिणारी बरीच तरुण मंडळी दिसतात, त्यांना माझे निमंत्रण आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी शाकारलेल्या असतात आणि इंजिने उघडलेली असतात. सकाळी लवकर या, कारण दुपारी सगळे जेवायला जातात. वही आणा, जुने कपडे घालून या, आणि कोणी पकड धरायला सांगितली तर धरा.

आता प्रश्न घेऊ या.